ओव्हाळ मॅडमचे ताक

रविवार, ८ फेब्रुवारी, दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटे. डोंबिवलीच्या एका मंगल कार्यालयात आमचे संचालक पाटकर सर यांच्या मुलीचे लग्न लागले होते, पहिली पंगत बसत होती, आणि डॉ. सुलभा ओव्हाळ पंगतीत नव्हत्या. त्या मागच्या बाजूला, आचाऱ्याच्या राज्यात, कढीच्या पातेल्यासमोर उभ्या होत्या. अंगावर जांभळी पैठणी, केसांत मोगऱ्याचा गजरा, आणि उजव्या हातात दहा मिलिलिटरची सिरिंज. सुई नव्हती, एवढेच समाधान.

त्यांनी सिरिंजचा दट्ट्या उपसून पर्समध्ये टाकला, खालच्या भोकावर बोट दाबले आणि मला पळीने वरून कढी ओतायला लावली, बरोबर दहाच्या रेघेपर्यंत. मग बोट काढले आणि मोठ्याने मोजू लागल्या. कढीची धार खालच्या वाटीत पडत राहिली. वाटीही अर्थात मीच धरली होती. "...आठ, नऊ, दहा!" बोट पुन्हा भोकावर. आत उरलेली कढी त्यांनी डोळ्यांसमोर धरून वाचली.

"ओ मावशी," आचारी झारा घेऊन जवळ आला, "कढीला इंजेक्शन देताय का काय?"

"दोनच उरली. पातळ आहे," मॅडम म्हणाल्या. "पण फुटलेली नाही. मीठ कधी घातलंत?"

"मीठ आहे त्यात! चाखून बघा की."

"आहे ते दिसतंय हो. कधी घातलंत ते विचारतेय. आधी का नंतर?"

आचाऱ्याने माझ्याकडे पाहिले. "ताई, ह्या मुलीकडच्या का मुलाकडच्या?"

"ऑफिसकडच्या," मी म्हणाले.

"उतरवताना घातलं," तो मॅडमना म्हणाला, पोलिसांना जबाब द्यावा तसा. "आधी घातलं तर फाटते ना कढी."

"शाब्बास. का फाटते?"

तेवढ्यात सरांचे व्याही आत डोकावले. पैठणीतली एक बाई आचाऱ्याची उलटतपासणी घेते आहे आणि दुसरी कढीची वाटी हातात घेऊन मुकाट उभी आहे, हे दृश्य त्यांनी पाहिले आणि ते आल्या पावली परत गेले. सरांनी पुढे आठवडाभर मला विचारले, "त्यांना तिथे जाऊ कुणी दिलं?" जणू मॅडमना कोणी कुठे जाऊ देते, आणि मग त्या जातात.

निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर सांगणे मला सोयीचे वाटते. निष्कर्ष असा: त्या सिरिंजचा संबंध कढीशी नव्हता, खडवलीत राहणाऱ्या एका बाईंच्या घशाशी होता. मॅडमची थोरली बहीण सुमन, म्हणजे अक्का, हिला आदल्या पावसाळ्यात पक्षाघाताचा झटका आला. हात-पाय बरेचसे सावरले. गिळणे सावरले नाही. पाणी, चहा, वरणाचे पाणी, काहीही पातळ घशात गेले की ते चुकीच्या नळीकडे वळे आणि जीव जाईल असा ठसका लागे. घट्टसर पेय तेवढे सावकाश, सांभाळून उतरे. डॉक्टरांनी बजावले होते की होळीआधीच्या तपासणीपर्यंत एका बैठकीत दीडशे मिलिलिटर पेय ठसक्याविना पोटात जायला लागले तर ठीक, नाहीतर नाकातून नळी घालावी लागेल. अक्कांनी नळीला साफ नकार दिला होता. सिरिंजमध्ये दहा अंक मोजून किती द्रव उरतो, यावरून पेयाचा घट्टपणा ठरतो. अक्कांना चार ते आठच्या मधले चालत असे.

यातले एक अक्षरही आम्हाला ठाऊक नव्हते. आमच्या लेखी मॅडम चक्रम होत्या. वाचकाने आमच्याइतके अडाणी राहू नये, म्हणून हे आधीच सांगून टाकले.

आमची प्रयोगशाळा ठाण्याच्या नौपाड्यात, एका दंतवैद्याच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. खाद्यपदार्थ तयार करणाऱ्या छोट्या-मोठ्या उद्योगांच्या तक्रारी आम्ही सोडवतो: सरबत तळाशी का बसते, सॉस पाणी का सोडतो, ताक का फुटते. या शेवटच्या प्रश्नावर मॅडमची हयात गेली. कल्याणहून रोज येतात, सगळ्यांच्या आधी येतात, आणि दार उघडणाऱ्या प्रत्येकाला "गुड मॉर्निंग"च्या जागी एकच प्रश्न विचारतात: "फुटलं का?"

हा प्रश्न नमुन्याच्या बाटल्यांपुरता असता तर तक्रार नव्हती. पण आमच्या हिशेबनिसांचा साखरपुडा झाला, तेव्हा पेढा तोंडात टाकत मॅडम म्हणाल्या, "छान! अजून फुटलं नाही ना?" माझ्या डोंबिवलीच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी: "काय गं, सोसायटी फुटली का?" फुटली होती. "कोणी मीठ आधी टाकलं?" मी विचार केला, आणि ज्या काकांनी पहिल्याच मिनिटाला पार्किंगचा विषय काढला होता त्यांचे नाव सांगितले. "बघ!" मॅडम म्हणाल्या, सिद्धांत पुन्हा एकदा सिद्ध झाल्याच्या समाधानाने.

सिद्धांत असा होता. प्रत्येक प्रथिनाचा एक ठराविक पीएच असतो, जिथे त्याच्यावरचे धन आणि ऋण भार समसमान होतात आणि निव्वळ भार शून्यावर येतो. मग त्याचे कण एकमेकांना दूर ढकलेनासे होतात, आणि गोळा होऊन तळाशी बसतात. ताकातले केसीन, म्हणजे दुधातले मुख्य प्रथिन, नेमके या बिंदूच्या आसपास वावरते. म्हणून ताक ठेवले की खाली चोथा, वर निवळ. मॅडमनी हा नियम माणसांना लावला होता. "साडेचारनंतर पाटकरांकडे रजेचा अर्ज नेऊ नकोस," त्या मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या. "तेव्हा त्यांचा भार शून्य असतो. नुसते गोळा होऊन बसतात." मी पडताळून पाहिले. खरे होते.

आता यात पेक्टिन घाला. पेक्टिन म्हणजे फळांच्या सालींतून मिळणारा एक पॉलिमर, ऋणभारांची लांबलचक साखळी. ताकाच्या आंबटपणात केसीनवर थोडा धनभार उरतो, साखळी त्याला जाऊन चिकटते, प्रत्येक कणाभोवती तिचा झिरमिळ्यांचा अंगरखा तयार होतो, आणि अंगरखे घातलेले कण एकमेकांत मिसळत नाहीत. ताक टिकते. मात्र साखळी अपुरी पडली, तर एकच साखळी दोन कणांना धरते आणि उलट गोळे लवकर होतात. "अर्धवट मध्यस्थी," मॅडम म्हणत. "दोन जावांच्या भांडणात पडायचं तर पूर्ण पडावं. नाहीतर घरी बसावं." आणि मिठाचे काम सर्वांत घातक. ते भारांना झाकते. साखळी चिकटण्याआधी मीठ पडले, की साखळी आणि केसीन शेजारी-शेजारी असूनही एकमेकांना ओळखत नाहीत.

"मॅडम, हे मी पीएच.डी.ला शिकलेय," मी एकदा म्हणाले.

"शिकलीस. चिकटलं का?"

त्यांनी टेबलावरची बरणी उघडली. तिच्यात कपड्यांना चिकटणाऱ्या काटेरी बिया होत्या. कुठल्याशा माळरानावरून गोळा करून आणलेल्या. त्यांनी एक बी माझ्या ओढणीला लावली. टिचकी मारताच ती उडाली. "हे सुटं अमिनो आम्ल. एका हाताने धरतं, एका झटक्यात सुटतं. पॉलिमरला त्याचं फारसं काही वाटत नाही." मग त्यांनी बियांची दोऱ्यात ओवलेली माळ काढली आणि ओढणीवर दाबली. "आणि हे प्रथिन. त्याच बिया, फक्त साखळीत. आता काढ." मी काढायला गेले. माळ निघाली, ओढणीसकट. नवी, चंदेरी, आईने दिवाळीला घेतलेली ओढणी.

"फाटली," मी म्हणाले.

"म्हणजे चिकटलं," त्या म्हणाल्या, आणि बरणीचे झाकण लावले.

माझ्यासारख्या महत्त्वाकांक्षी मुलीला असा वरिष्ठ मिळणे हा छळ असतो आणि चैनही. मी तिशीच्या आत स्वतःचा प्रकल्प चालवायचे ठरवून या नोकरीत आले होते. मॅडमना बढतीत रस नव्हता, परिषदांत नव्हता, निबंधावर पहिले नाव कोणाचे यातही नव्हता. त्यांना फक्त खोलीत एक माणूस असा हवा असे, ज्याला 'का' विचारता येईल. उत्तर चुकले तरी चाले. गप्प राहिलेले चालत नसे.

लाळेचे प्रकरण याच काळातले. एका मंगळवारी त्यांनी माझ्यासमोर दोन पेले ठेवले. दोन्हींत दाट केलेले पाणी. एकात कॉर्नफ्लोअर शिजवलेले, दुसऱ्यात आमचा भारित पॉलिमर.

"थुंक," मॅडम म्हणाल्या.

"कशात?"

"दोन्हीत. भेदभाव नको."

मी शास्त्रासाठी थुंकले. हिशेबनीस नोकरीसाठी थुंकले. पाटकर सरांनी केबिनचे दार आतून लावून घेतले. एवढ्यात खालच्या दवाखान्याचा एक रुग्ण मजला चुकून वर आला. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. पांढरा कोट पाहून त्याने मॅडमना विचारले, "डॉक्टर ना तुम्ही?"

"आहे की."

"दाढ फार..."

"दाढ नंतर बघू. आधी यात थुंका."

तो निमूटपणे थुंकला. दंतवैद्याकडे आलेल्या माणसाला ही सूचना अनपेक्षित नसते. थोड्याच वेळात कॉर्नफ्लोअरचा पेला पाण्यासारखा पातळ झाला. लाळेतल्या प्रथिनाने, म्हणजे विकराने, पिठाच्या साखळ्या कापून टाकल्या होत्या. पॉलिमरचा पेला जसाच्या तसा. मॅडमनी दोन्हींची सिरिंजने मोजणी केली आणि त्या गृहस्थाच्या पाठीवर थाप मारली. "वा! तुमच्या लाळेत दम आहे."

"मग दाढ का दुखतेय?" तो केविलवाणेपणाने म्हणाला. मी त्याला जिना दाखवला.

आम्ही महिनाभर हसलो. त्या रात्री मॅडमनी खडवलीला फोन करून कॉर्नफ्लोअर घातलेला चहा बंद करायला सांगितला असेल, हे आमच्या गावीही नव्हते. तो चहा पेल्यात दाट दिसे आणि तोंडात गेल्यावर पातळ होई.

आता प्रकल्पाकडे वळते. एका दूध-संस्थेला बाटलीबंद मसाला ताक विकायचे होते. अट अशी की बाटली फ्रीजबाहेर राहिली तरी ताकावर निवळ येता कामा नये. पाटकर सरांनी हे काम माझ्या नावावर केले. माझा पहिला प्रकल्प. मॅडम मार्गदर्शक. पहिल्या तुकडीची बाटली मी उलटी केली, आणि ताकाला बाहेर यायची घाईच नव्हती.

"मॅडम, हे फार दाट आहे."

"साडेसहा," त्या सिरिंज वाचत म्हणाल्या. "उत्तम आहे."

"क्लायंटला पातळ हवंय. उन्हातून आलेल्या माणसाला गटागट पिता येईल असं."

"गटागट पिणाऱ्यांची सोय निसर्गानेच केलीये. बाकीच्यांची मी करते."

"बाकीचे कोण?"

मॅडम सिरिंज धुवायला गेल्या. मी ते 'हट्ट' या सदरात टाकले. पुढची तुकडी मी पातळ केली. त्यांनी शेजारच्या पातेल्यात दाट केली. दर शनिवारी त्या दाट ताकाच्या बाटल्या पिशवीत घालून घरी नेत. चाचणीच्या खोलीत जे तयार होते ते खाण्याजोगेच असते आणि उरलेले कोणीही नेऊ शकते, त्यामुळे आक्षेप नव्हता. तर्क मात्र होते. हिशेबनिसांचे मत, मॅडम कल्याणला पोळी-भाजी केंद्र काढणार. माझे मत, त्या टिकाऊपणाची समांतर चाचणी घेत आहेत आणि निकाल माझ्याआधी जाहीर करणार. मला स्पर्धा दिसत होती. ज्याला जे हवे असते तेच त्याला सगळीकडे दिसते.

लग्नाच्या नंतरच्या सोमवारी पाटकर सरांचा धीर सुटला. कढीचे प्रकरण ताजे होते, त्यात क्लायंटची घाई.

"ओव्हाळ मॅडम, उद्यापासून एकच पातेलं. पातळ. दाटाचा नाद पुरे."

"सर, दाटाला मागणी आहे."

"कुणाची? नाव सांगा."

मॅडमनी तोंड उघडले, आणि मिटले. हे मी प्रथमच पाहत होते. "बरं," त्या म्हणाल्या.

पाटकर सर वाईट गृहस्थ नव्हेत. त्यांच्याबद्दल मॅडमचाच सिद्धांत होता: पॉलिमर ऋण, प्रथिनही एकूण ऋण, तरीही कधीकधी दोघे चिकटतात, कारण प्रथिनावर कुठेतरी धनभाराचा एक पट्टा असतो. "पाटकरांचा तो पट्टा क्रिकेट आहे. तिथून जा." पण स्वतःसाठी त्या तिथून गेल्या नाहीत. बहिणीचे नाव घेऊन काही मागणे त्यांच्या स्वभावात बसत नव्हते.

त्या शनिवारी मी लवकर पोहोचले. दाराशी कोणी काही विचारले नाही. मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या आणि ओट्यावर बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. प्रत्येक बाटलीत खाली चोथा आणि वर दोन बोटे स्वच्छ, पिवळसर निवळ. फुटलेले. सगळे.

मी वास घेतला, थेंब चाखला, आणि दोन मिनिटांत कारण सापडले. त्यांनी माझेच पातळ ताक, मसाला आणि मीठ पडून तयार झालेले, घेतले होते आणि नंतर त्यात जास्तीचे पेक्टिन घोटले होते. केसीनला पुरेल इतपतच साखळी आधी होती. नव्याने आलेल्या साखळीला मिठाने केसीनच्या जवळ फिरकू दिले नव्हते, आणि सगळी घडी विस्कटली होती. जी बाई लग्नात आचाऱ्याची तोंडी परीक्षा घेते, तिच्याकडून ही चूक.

"मॅडम, मीठ आधी पडलं होतं."

"माहितीये."

"मग असं का केलंत?"

"दुसरं पातेलं नव्हतं गं मला," त्या म्हणाल्या. "आणि उद्या रविवार आहे."

मग त्यांनी सांगितले. एका दमात, अहवाल वाचावा तसे: बहीण, खडवली, घसा, दीडशे मिलिलिटर, होळी, नळी. सांगून झाल्यावर त्यांनी पहिली बाटली मोरीत ओतली.

मला काय वाटले ते सांगण्यात वेळ घालवत नाही. मी काय केले ते सांगते. फळ्यावर पातेले काढले. पेक्टिन घालून घोटणे, गरम करणे, इथपर्यंत दोन्ही ताकांची कृती एकच होती. फरक त्यानंतर. मग दोन पातेली कशाला? मीठ पडण्याआधी तोटी उघडायची, निम्मे ताक बाजूला काढायचे, त्यात जास्तीची साखळी घालून दाट करायचे. उरलेल्या निम्म्यात मसाला आणि मीठ. एक पातेले, दोन पेये.

मॅडम फळ्याकडे पाहत राहिल्या. "हे मला का सुचलं नाही?"

"तुम्ही भार झाकून बसलात म्हणून," मी म्हणाले. त्यांनी इतक्या रागाने माझ्याकडे पाहिले, की बाण बरोबर लागला याची खात्री पटली.

सोमवारी मी पाटकर सरांकडे गेले. सकाळी, आदल्या दिवशीच्या सामन्यावर दहा मिनिटे बोलून. "सर, क्लायंटला एकाच खर्चात दोन पेयं दाखवता येतील. एक सगळ्यांसाठी. एक ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी. घरोघरी म्हातारी माणसं आहेत, सर. दाटाला मागणी आहे."

"कुणाची? नाव सांगा," ते सवयीने म्हणाले.

"सुमन अक्का," मी म्हणाले. "मॅडमची बहीण."

सरांनी हातातला पेपरवेट खाली ठेवला. "त्या बोलत का नाहीत?" ते पुटपुटले. "माणसाने बोलावं ना." आणि मग, नेहमीच्या आवाजात, "दोन्ही दाखवा. पण आधी पातळ!"

त्या आठवड्यातले ताक फुटले नाही. पातळही नाही, दाटही नाही. शनिवारी पिशवी भरताना मॅडम माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या खडवली. पिशवी जड आहे, एक हात हवाय. सिद्धांत नकोत." तपासणीआधीचा तो शेवटचा रविवार होता.

अक्कांचा मुलगा आणि सून बाजाराच्या पिशव्या घेऊन आमचीच वाट पाहत होते; त्यांना घराबाहेर पडायला हे दोन तास आठवड्यातून एकदाच मिळत. घर नीटनेटके, दोन खोल्यांचे. कोनाड्यात बुद्धमूर्ती, तिच्यासमोर पांढरी फुले. खिडकीजवळच्या खुर्चीत अक्का बसल्या होत्या. मॅडमचेच नाक, मॅडमचेच कपाळ, वजन मात्र निम्मे. बोलणे जड, पण एकेक शब्द मोजून मारलेला.

"आली का सायंटिस्ट," अक्का म्हणाल्या. "उशीर."

"गाडी उशिरा आली."

"गाडीला बोल लावू नको. तू जन्माला पण उशिरा आलीस." मग माझ्याकडे वळून, "ही कोण?"

"ऋतुजा. माझ्या हाताखाली काम करते."

"सोबत," मी म्हणाले.

अक्कांचा चेहरा एका बाजूने उजळला. दुसरी बाजू अजून ऐकत नव्हती. "हां! हिला तोंड आहे. बरं झालं बाई. सुले, तुला कोणीतरी भेटायलाच पाहिजे होतं." त्यांनी श्वास घेतला. "मागच्या रविवारी ताक नव्हतं म्हणून कुठली पावडर घालून चहा पाजलास. मरत होते मी."

"मागच्या रविवारी मी गाढव होते."

"मागच्याच?"

मॅडमनी सिरिंज काढली. दट्ट्या बाजूला, बोट, ताक, मोजणी. "सहा," त्या म्हणाल्या, आणि मला दाखवली. मी पाहिले, सहाच होते. मग त्यांनी फडताळातून दोन ग्लास काढले, रेघा असलेले, दोन्ही सारखे. दीडशेच्या रेघेपर्यंत दोन्ही भरले. त्यांना उन्हातून चालत आल्याने दम लागला होता. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, वर पालथा घातलेला स्टीलचा पेला. मी उठले. "मॅडम, तुमच्यासाठी पाणी आणू?"

"नको."

"अहो, घामाघूम झाला आहात. घोटभर तरी..."

"ती इथं पाणी पीत नाही," अक्का म्हणाल्या.

मॅडमनी दोन्ही ग्लास अक्कांच्या खुर्चीजवळ आणले.

"दवाखान्यातून घरी आले ना मी," अक्का सावकाश सांगू लागल्या, "तेव्हा हिच्यासमोर बोलून गेले एकदा. म्हटलं, कोणी समोर घटाघटा पाणी प्यायलं की मला रडू येतं गं. बस, तेव्हापासून. हे जे काय खळीसारखं मला पाजते, तेच पिते. चहा पण तसलाच. उन्हाळा असू दे, काही असू दे." त्या थांबल्या. "लहानपणी आंबिवलीच्या चाळीत एक कप दूध वाटून प्यायची वेळ आली, की सगळं स्वतः प्यायची. हावरट."

"अक्का, गप्प बस आणि पी. हनुवटी खाली."

"तू आधी."

"एकदम घ्यायचं. एक, दोन..."

दोघींनी हनुवट्या खाली केल्या आणि पहिला घोट घेतला. अक्का गिळताना डोळे मिटत. मॅडमही मिटत, त्यांना गरज नव्हती. मी खुर्चीच्या मागे उभी राहून ठसक्याची वाट पाहत होते. दुसरा घोट. तिसरा. मध्येच अक्का थांबल्या, छातीवर हात ठेवला. मॅडमचा ग्लास तोंडापासून वीतभर अंतरावर थांबला. मग अक्का म्हणाल्या, "जिरं कमी आहे," आणि चौथा घोट घेतला.

बराच वेळ लागला. अक्कांच्या ओठाच्या सैल बाजूने थोडे ओघळले, ते मॅडमनी आपल्या पदराने टिपले. तेवढे त्यांनी मला पुन्हा ग्लासात ओतायला लावले आणि अक्कांनी तेही कुरकुरत संपवले. ठसका एकदाही नाही. शेवटी अक्कांनी रिकामा ग्लास खिडकीच्या उजेडात धरला आणि मॅडमच्या ग्लासाशेजारी आणला, कोणाचे आधी संपले ते बघायला.

"बरोबरीत," मॅडम म्हणाल्या.

तपासणीला न्यायचा कागद मी मांडीवर घेतला. वेळ, पेय, घट्टपणा, ठसका: नाही. शेवटचा रकाना, पोटात गेलेले प्रमाण, हा एका रुग्णासाठी होता. माझे प्रशिक्षण, माझी शिस्त, दोन्ही मला तिथे एकच आकडा लिहायला सांगत होती, आणि तो मी लिहिला: १५०. डॉक्टरांना तेवढा पुरेसा होता. मग माझ्या स्वतःच्या नोंदीसाठी मी फोन काढला. माझ्या समोर दोन ग्लास होते, दोन्ही रिकामे. मी बेरीज केली: तीनशे मिलिलिटर.